फॅमिलीसर्च : हिस्पॅनिक घराण्याचं मूळ शोधायला ही मोफत सेवा कितपत उपयोगी?

अमेरिकेत शाळेच्या प्रवेश अर्जापासून दर दहा वर्षांच्या जनगणनेपर्यंत एक प्रश्न हमखास असतो : ही व्यक्ती हिस्पॅनिक किंवा लॅटिनो मूळची आहे का? तिथे ‘हो’ लिहायला एकही दाखला जोडावा लागत नाही. पण कुठल्या गावचे, कोणाचे, हे सांगायचं तर दाखल्यांवाचून गत्यंतर नाही. मेक्सिको, पोर्तो रिको, टेक्सस किंवा न्यू मेक्सिकोतल्या घराण्यांचे असे दाखले घरबसल्या आणि फुकट पाहायला फॅमिलीसर्चच्या तोडीची दुसरी जागा नाही. आमचे पाचपैकी चार तारे. नोंदवह्यांच्या पानांचे जे फोटो तिथे आहेत त्यांना पूर्ण पाच द्यायला हवेत. एक तारा कापला तो त्या फोटोंवर बसवलेल्या नामसूचीमुळे. हिस्पॅनिक मूळ ज्या ओळींतून कळतं, नेमक्या त्याच ओळी सूचीत उतरत नाहीत.

आधी व्याख्या पक्की करू, म्हणजे शोधायचं काय हे कळेल. स्पॅनिश मूळच्या लोकांची आकडेवारी वेगळी गोळा करण्याचा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये केला. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या निर्देश क्रमांक १५ ने व्याख्या ठरवली, आणि १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदा सरसकट सगळ्यांना विचारला गेला. त्याआधी १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा शब्द वंशाच्या रकान्यात घातला होता. १९४० मध्ये तो काढला. आजची व्याख्या थोडक्यात अशी : मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकी अथवा इतर स्पॅनिश संस्कृती किंवा मूळ. ‘मूळ’ या शब्दात जनगणना खातं वारसा, राष्ट्रीयत्व, वंशपरंपरा, तसंच स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा पूर्वजांचा अमेरिकेत येण्यापूर्वीचा जन्मदेश, हे सगळं धरतं. किती पिढ्या मागे जायचं याला मर्यादा नाही. रक्ताचा ठरावीक हिस्सा लागत नाही, स्पॅनिश बोलता यावी अशी अट नाही, त्वचेच्या रंगाचा संबंध नाही. मार्च २०२४ मध्ये निर्देश सुधारला आणि हिस्पॅनिक मूळ व वंश हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरलं, तरी उत्तर ज्याचं त्याने द्यायचं हे तत्त्व तसंच राहिलं. २०२० मध्ये ६ कोटी २१ लाख लोक या गटात मोजले गेले.

आडनावावरून मूळ ठरवण्याची चूक मात्र करू नये. गोवा-वसईकडच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं : फर्नांडिस, परेरा, डिसोझा ही आडनावं पोर्तुगीज वळणाची आहेत, आणि पोर्तुगाल किंवा ब्राझील या सरकारी व्याख्येत बसत नाहीत. फिलिपिन्समध्ये तर १८४९ साली गव्हर्नर क्लाव्हेरियाच्या हुकमाने स्पॅनिश आडनावांची छापील यादी काढून ती लोकांना वाटली गेली. तिथल्या एखाद्या घराण्याचं आडनाव स्पॅनिश आहे यावरून त्याचे पूर्वज स्पेनचे होते असं मुळीच ठरत नाही. उलट कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्यांच्या मुलांचं आडनाव सिंग, पण आईकडून ती हिस्पॅनिक मूळचीच. शेवटी साक्ष आडनावाची नसते, नोंदीतल्या गावाची असते.

फॅमिलीसर्च ही सेवा लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, चर्चची. पूर्वजांसाठी मंदिरात विधी करणं हा त्यांच्या श्रद्धेचा भाग असल्यामुळे १८९४ पासून त्यांनी वंशावळी जमवायला घेतल्या आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. त्या सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झालं. खातं उघडायला नाव, जन्मतारीख आणि ईमेल किंवा मोबाइल पुरतो. पैसे किंवा कार्ड मागत नाहीत, धर्म विचारत नाहीत.

हिस्पॅनिक घराण्यांना याचा एवढा फायदा होण्याचं कारण कॅथलिक चर्चच्या वहीखात्यात आहे. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) बाप्तिस्मा आणि लग्नांच्या वह्या ठेवायला सांगितलं, आणि स्पॅनिश अमलाखालच्या अमेरिकेत ते पाळलंही गेलं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी फार उशिरा आली : मेक्सिकोत २८ जुलै १८५९ च्या कायद्याने, पण बऱ्याच गावांत ती नीट सुरू झाली १८६७ नंतर, स्पेनमध्ये १८७१ पासून, पोर्तो रिकोत १८८५ पासून. त्यामुळे शोधाचे दोन टप्पे पडतात. सरकारी नोंदींवरून साधारण १८६० पर्यंत मागे जायचं आणि तिथून चर्चच्या वह्यांत शिरायचं. थेट अठराव्या शतकात उडी मारली तर त्याच नावाचं भलतंच घराणं हाती लागतं.

सुरुवात गावापासून करा. ‘आजोबा मेक्सिकोचे’ एवढ्यावर काही मिळत नाही. नगरपालिका किंवा धर्मग्राम हवा. अमेरिकेत आलेल्या पिढीचं गाव नागरिकत्वाच्या अर्जात किंवा सीमा ओलांडतानाच्या नोंदपत्रात बहुधा सापडतं, आणि यातलीही बरीच कागदपत्रं याच सेवेत आहेत. गाव मिळालं की आजोबांच्या जन्माची नोंद, मग त्यांच्या आई-वडिलांच्या लग्नाची, मग त्या दोघांच्या जन्माची, असं एकेक पायरी मागे जायचं. लग्नाची नोंद कधीही गाळू नका. वधू-वरांचं वय, मूळ गाव आणि दोन्हीकडचे आई-वडील हे सगळं तिथे एका जागी असतं, म्हणून एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायला तिच्याइतकी खात्रीची नोंद दुसरी नाही.

आता सूचीबद्दल, जिच्यामुळे तारा कापला. शोधचौकटीत नाव घातलं की जे निकाल येतात ते स्वयंसेवकांनी किंवा संगणकाने उतरवलेल्या सूचीतून येतात. त्यात मुलाचं नाव, आई-वडील, तारीख आणि नगरपालिका एवढंच असतं. मूळ पानावर मात्र कितीतरी जास्त मजकूर आहे. मेक्सिकोच्या सरकारी जन्मनोंदीत बहुतेक वेळा आजी-आजोबांची चारही नावं मिळतात, म्हणजे एका पानावर तीन पिढ्या. सूचीत ही चार नावं सहसा नसतात. तारीखही फसवी असते : मजकुरात ‘तीन दिवसांपूर्वी जन्मलेलं मूल’ असं लिहिलेलं असतं आणि सूची नोंदणीचा दिवसच जन्मदिवस म्हणून उचलते. वाडीवस्तीचं नाव गळून नुसती नगरपालिका उरते. कित्येकांचं दुसरं, म्हणजे आईकडचं, आडनाव पहिल्याच्या जागी जाऊन बसलेलं असतं. म्हणून सूचीचा उपयोग पान सापडण्यापुरता करावा आणि माहिती फोटोवरूनच घ्यावी.

फोटोत सगळ्यात आधी शोधायचे शब्द तीन : ‘ओरिखिनारियो’, ‘नातुराल’ आणि ‘वेसिनो’. पहिल्या दोहोंचा अर्थ मूळचा, तिथे जन्मलेला. तिसऱ्याचा अर्थ सध्याचा रहिवासी. ‘अमुक गावचा ओरिखिनारियो, तमुक गावचा वेसिनो’ असं आलं की पुढचा शोध अमुक गावात न्यायचा. सूचीत यातलं दुसरं गाव उतरलेलं असतं, कारण नोंद तिथे झालेली असते. त्यामुळे अनेक वंशावळी चुकीच्या गावात अडकून पडतात. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तो शब्द या वह्यांत अक्षरशः लिहिलेला आहे आणि सूचीने नेमका तोच वगळला, ही या सेवेतली आम्हाला सर्वात खटकणारी गोष्ट.

वह्यांतली संक्षेपांची भाषा आधी माहीत हवी. ‘मारिया’ची फक्त दोन अक्षरं लिहितात. ७ च्या अंकाला शेपूट जोडून सप्टेंबर, ८ ला ऑक्टोबर, ९ ला नोव्हेंबर आणि रोमन दहाला डिसेंबर लिहिण्याची पद्धत होती, कारण लॅटिनमध्ये त्या नावांचे अर्थ सात, आठ, नऊ, दहा असेच आहेत. ७ पाहून जुलै समजलात तर दोन महिने चुकलात. ‘इहो लेखितिमो’ म्हणजे विवाहितांचं मूल. ‘इहो नातुराल’ म्हणजे अविवाहित आई-वडिलांचं. तिथे बापाचं नाव नसणं नेहमीचं. ‘एक्सपुएस्तो’ म्हणजे कुणाच्या तरी दाराशी ठेवून दिलेलं मूल.

अठराव्या शतकातल्या वह्या उघडल्या की व्याख्येचा खरा पेच दिसतो. मोठ्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या वह्याच वेगळ्या असत : एस्पान्योल (स्पॅनिश) लोकांची एक, इंदियो (मूळनिवासी) लोकांची दुसरी, मिश्र जातींची तिसरी. एका वहीत नाव नसेल तर बाकीच्या दोन पाहिल्याशिवाय शोध सोडू नये. मेस्तिसो, कास्तिसो, मुलातो, कोयोते, लोबो ही मिश्र जातींची नावं पाद्रीच्या अंदाजाने, घराण्याच्या वजनाने, कधी धर्मपित्याच्या (बाप्तिस्म्यात मुलाचा पालक म्हणून उभा राहणाऱ्याच्या) सांगण्याने लिहिली जात. सख्ख्या भावंडांत एक मेस्तिसो आणि दुसरा एस्पान्योल असल्याची उदाहरणं विपुल आहेत. ‘एस्पान्योल’ लिहिलं म्हणजे माणूस स्पेनहून आला असंही नव्हे. मेक्सिकोतच पाच पिढ्या झालेल्या घराण्यालाही तेच लिहीत. खरोखर स्पेनमध्ये जन्मलेल्याच्या नोंदीत ‘कास्तियाच्या राज्यांचा नातुराल’ असं किंवा थेट तिथल्या गावाचं नाव येतं. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८२२ मध्ये अशा वर्गवारीला मनाई झाली, म्हणून त्यानंतरच्या नोंदींत जात सहसा सापडत नाही. अमेरिकेची सरकारी व्याख्या २०२४ पर्यंत ‘वंश कोणताही असो’ म्हणत आली, त्यामागे या वह्यांतला हा इतिहास आहे. एकाच आडनावाखाली स्पेन, आफ्रिका आणि मूळनिवासी अमेरिका तिन्ही नांदतात.

इंदियो घराण्यांच्या बाबतीत एक गाठ नेहमी पडते. दे ला क्रुस, दे लोस सांतोस, दे लोस रेयेस ही नावं आडनावासारखी दिसतात, पण पुष्कळदा ती पिढीजात नसतात. बापाचं एक आणि मुलाचं दुसरंच. अशा वेळी आडनावाने शोधू नका. गाव, आई-बापांची जोडी आणि धर्मपिता यांवर पकड ठेवा.

शोधचौकटीत अक्षरलेखनाची मोकळीक द्यावी लागते. बी आणि व्ही, एस आणि झेड, जी-जे-एक्स या अक्षरांची अदलाबदल होते, सुरुवातीचा एच गळतो. खिमेनेस एका वहीत एका अक्षराने सुरू होतो, दुसरीत दुसऱ्याच. प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी आणि तारका कितीही अक्षरांच्या जागी चालते, त्यांचा सढळ वापर करा. पहिलं नाव होसे किंवा मारिया असेल तर ते सोडून दुसऱ्या नावाने शोधा, कारण अर्धा गाव होसे आणि मारियाच असतो. स्त्रिया लग्नानंतर माहेरचंच आडनाव लिहितात, त्यामुळे नवऱ्याच्या आडनावाने शोधण्यात वेळ दवडू नका. सर्वात चांगले निकाल आई-वडिलांच्या नावांवरून येतात : मुलाचं नाव रिकामं ठेवायचं, बापाचं आडनाव आणि आईचं आडनाव घालायचं. सगळी भावंडं एका यादीत येतात.

सूचीत काहीच नाही म्हणजे नोंद नाही, असं समजू नका. हजारो वह्यांची सूची अजून झालेलीच नाही. कॅटलॉगमध्ये जाऊन ठिकाण देश, राज्य, गाव या क्रमाने घाला, चर्च किंवा सरकारी नोंदी निवडा आणि कॅमेऱ्याची खूण असलेलं रीळ उघडा. एका रिळात हजारएक फोटो असले तरी पानं चाळत बसायची गरज नाही. मधला फोटो उघडून वर्ष पहा, मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. आठ-दहा उड्यांत हवं ते वर्ष गाठता येतं. वहीच्या शेवटी पाद्रीने केलेली हाती यादी असली तर ती बहुधा पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने असते, आडनावाच्या नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे लोक ती निरुपयोगी समजतात. १९०८ नंतरच्या काळासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समास पहायला विसरू नका. लग्न झालं की ते कुठे, कोणाशी, कधी हे त्या जुन्या नोंदीच्या कडेला लिहिण्याचा नियम तेव्हा आला. दूरच्या शहरात गेलेला माणूस एवढ्या एका ओळीने सापडतो.

लग्नाआधीच्या चौकशीची कागदपत्रं हाती लागली तर तासभर राखून ठेवा. नात्यातल्या दोघांचं लग्न असेल तर चर्चची सूट लागे, आणि ती मागताना समान पूर्वजापासून दोघांपर्यंतचा वंशवृक्ष अर्जात काढून द्यावा लागे. चार-चार पिढ्यांची आयती वंशावळ, तीही साक्षीदारांच्या जबानीसह.

२०२४ मध्ये या सेवेने संपूर्ण मजकुरातून शोधण्याची सोय प्रयोग म्हणून आणली, आणि पहिल्या साठ्यांमध्ये मेक्सिकोच्या नोटरी दस्तांचा समावेश होता. हस्ताक्षर संगणक वाचतो. चुका बऱ्याच होतात, पण मृत्युपत्रात तिसऱ्या ओळीवर आलेल्या साक्षीदाराचं नाव सापडणं आधी शक्यच नव्हतं. अमेरिकेत जमीनजुमला असलेल्या घराण्यांनी हे जरूर वापरावं.

देशांनुसार दर्जा फार कमी-जास्त आहे. मेक्सिको उत्तम. पोर्तो रिकोच्या सरकारी नोंदणीचा संग्रहही भरघोस. न्यू मेक्सिको आणि टेक्ससची जुनी चर्चं महत्त्वाची, कारण न्यू मेक्सिकोतली ओन्याते या स्पॅनिश सरदाराची वसाहत १५९८ ची आणि सॅन अँटोनियोत कॅनरी बेटांवरची कुटुंबं १७३१ मध्ये आली. ही घराणी सीमा ओलांडून आलेली नाहीत, १८४५ ते १८४८ च्या दरम्यान सीमाच त्यांच्यावरून पुढे सरकली. क्यूबासाठी ही सेवा तोकडी पडते. तिथल्या काही चर्चच्या वह्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गुलामगिरीविषयक डिजिटल संग्रहात आहेत. स्पेनचा भरवसा धर्मप्रांतावर : काहींनी फोटो काढू दिले, काहींनी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात समुद्र ओलांडलेल्या पूर्वजासाठी स्पेन सरकारचं पारेस हे संकेतस्थळ पहावं. सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारातले प्रवासपरवाने तिथे फुकट शोधता येतात. काही फोटोंवर किल्लीची खूण दिसेल. ते घरून उघडत नाहीत, कारण मूळ मालकाशी तसा करार आहे. जवळच्या फॅमिलीसर्च केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं.

सामाईक वंशवृक्षापासून मात्र सांभाळून. सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे आणि कोणीही कोणाच्याही पूर्वजात बदल करू शकतो. सारख्या नावाची दोन माणसं एकत्र करून टाकणं हा तिथला नित्याचा अपघात, आणि त्याच वाटेने साध्या शेतकऱ्याच्या मागे कास्तियाचे राजे जोडले जातात. व्यक्तीच्या पानावर ‘स्रोत’ रिकामे असतील तर ती माहिती घेऊ नका. बदलांचा इतिहास तिथेच दिसतो आणि चुकीचा बदल मागे घेता येतो.

डीएनए चाचणीचा संच घ्यावा की हे करावं? ‘हिस्पॅनिक’ कळावं म्हणून संच घेऊ नका. तसं काही जनुकांत नसतं. अहवाल इबेरिया (स्पेन-पोर्तुगाल), मूळनिवासी अमेरिका, पश्चिम आफ्रिका असे टक्के देतो. २०१५ मधल्या एका मोठ्या अभ्यासात स्वतःला लॅटिनो म्हणवणाऱ्या अमेरिकनांत सरासरी ६५.१ टक्के युरोपीय, १८ टक्के मूळनिवासी आणि ६.२ टक्के आफ्रिकी वारसा निघाला. व्यक्तीव्यक्तीत हे प्रमाण प्रचंड बदलतं, सख्ख्या भावंडांतही थोडाफार फरक पडतो. सात-आठ पिढ्यांपलीकडच्या काही पूर्वजांचा तर कणही आपल्यात उतरलेला नसतो, पण वहीत त्यांचं नाव शाबूत असतं. संचाचा खरा उपयोग बापाचं नाव कोरं असलेल्या नोंदीत : तिथे नातलगांच्या जुळण्यांवरून वाट काढता येते. पोर्तो रिको किंवा न्यू मेक्सिकोतल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली असल्यामुळे तिथल्या जुळण्या आहेत त्यापेक्षा जवळच्या दिसतात. पाच पिढ्या मागे जुळणाऱ्या नातलगाला तीन पिढ्या मागे जुळणारा समजू नका.

स्पॅनिश नागरिकत्वासारख्या सरकारी कामाला या सेवेतला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. मूळ नोंदणी कार्यालयातून किंवा धर्मग्रामातून पूर्ण मजकुराची प्रमाणित प्रत आणि गरजेप्रमाणे त्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारं सरकारी प्रमाणन) घ्यावं लागतं. ती मागवताना ‘१८९२ ची जन्मनोंद’ एवढं लिहिलं तर कार्यालयाकडून उत्तर येणं कठीण. म्हणून पान सापडताच फोटो उतरवून घ्या आणि त्याच्या फाइलच्या नावातच वहीचा क्रमांक, पानाचा क्रमांक, नोंदीचा क्रमांक, गाव, तारीख, रिळाचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक एवढं लिहून ठेवा.